आयआरआर म्हणतो २१, एक्सआयआरआर म्हणतो १०

बडोद्याच्या दांडिया बाजारातले आमचे मामा निवृत्त झाल्यापासून घरची सगळी गुंतवणूक एक्सेलमध्ये मांडून ठेवतात. परवा रविवारी शेव-उसळीची ताटली बाजूला सारून त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "एकच ठेव. एका सूत्राने २१ टक्के, दुसऱ्याने १०. खरं कुठलं?"

सूत्रं होती आयआरआर (IRR) आणि एक्सआयआरआर (XIRR); दोन्ही गुंतवणुकीवरच्या परताव्याचा दर काढतात. शीटमध्ये दोनच ओळी होत्या. १ एप्रिल २०२१ ला भरले १,००,०००, १ एप्रिल २०२३ ला हातात आले १,२१,०००.

आयआरआरला तारीख कळत नाही, क्रम तेवढा कळतो. एका ओळीतून पुढच्या ओळीत गेलं की त्याच्या लेखी एक टप्पा झाला. मग तो महिन्याचा असो नाहीतर दोन वर्षांचा. उत्तरही त्या टप्प्यापुरतंच. म्हणून २१. मी मध्ये एप्रिल २०२२ ची ओळ घातली आणि रकमेचा सेल रिकामा ठेवला. तरी २१च, कारण रिकामे सेल तो सोडूनच देतो. तिथे शून्य टाकलं, तेव्हा कुठे १० आले.

"म्हणजे शून्य लिहिणं आणि काहीच न लिहिणं वेगळं?" मामा म्हणाले. वेगळं, आणि हप्ता चुकलेल्या महिन्यात तर हमखास नडणारं. दरमहाच्या ओळी असतील तर आणखी एक गफलत होते: आयआरआरने दिलेले ०.८ टक्के महिन्याचे असतात. लोक बाराने गुणून ९.६ म्हणतात, चक्रवाढीने ते १०.०३ होतात.

एक्सआयआरआर रकमेशेजारची तारीख वाचतो, पहिल्या तारखेपासूनचे दिवस मोजतो, वर्ष ३६५ दिवसांचं धरतो आणि थेट वार्षिक दर देतो. विम्याचा दरवर्षी ठरल्या दिवशी जाणारा हप्ता असेल तर आयआरआर पुरतो. एसआयपी (म्युच्युअल फंडात ठरावीक रकमेचे नियमित हप्ते), मध्येच काढलेले पैसे, मागेपुढे झालेले हप्ते असतील तर मी एक्सआयआरआरच वापरतो.

दोघांनाही भरलेली रक्कम उणे आणि मिळालेली अधिक लागते. सगळंच अधिक लिहिलं की 'नम'ची (#NUM!) एरर येते. ती दिसते तरी. दुरुस्त करून मोकळं व्हायचं. न दिसणारी चूक मामांच्या एसआयपीच्या शीटमध्ये होती.

हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेचा, एप्रिल २०२३ पासून बारा. मामांनी ०५/०४/२०२३, ०५/०५/२०२३ असं आपल्या पद्धतीने लिहिलं, पण लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन. तिथे आधी महिना. त्यामुळे पहिले नऊ हप्ते ४ ते १२ मे २०२३ या नऊ दिवसांत जाऊन बसले आणि उरलेले तीन १ ते ३ मे २०२४ मध्ये. वर्षभरात थोडे थोडे गेलेले पैसे बहुतेक सुरुवातीलाच गुंतल्यासारखे झाले आणि दर उगाच पडला. एरर नाही, काही नाही. हप्ता १५ तारखेचा असता तर बरं झालं असतं: पंधरावा महिना नसतो, एक्सेलने ती तारीख मजकूर म्हणून ठेवली असती आणि एक्सआयआरआरने 'व्हॅल्यू'ची (#VALUE!) एरर देऊन बोंब ठोकली असती.

तारखांचा फॉरमॅट बदलून महिन्याचं नाव दाखवायला लावलं, तर रकानाभर मेच मे. विंडोजमधलं रिजन भारत केलं. (गूगल शीट्समध्ये हेच फाइलच्या सेटिंग्जमध्ये, लोकेल म्हणून असतं.) आधी चुकीच्या बसलेल्या तारखा त्याने आपोआप सुधारत नाहीत, त्या पुन्हा टाइप कराव्या लागल्या. मामांनी केल्या, एका बोटाने.

तोवर त्यांना दुसऱ्या एका फंडासमोर २७ टक्के दिसले आणि ते मामींना सांगायला उठले. तो फंड घेऊन ३० दिवस झाले होते आणि वाढ होती २ टक्के. एक्सआयआरआरने तोच वेग वर्षभर धरून सांगितला होता. मी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.