पहाटेची पहिली गोणी

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात ट्रक खाली होत असताना एकदा बाजूला उभं राहून बघा. फाळका उघडलेला असतो. माथाडी ट्रककडे पाठ करून उभा राहतो, वरचे दोघे गोणीचे कान धरून तिला काठापर्यंत ओढत आणतात आणि त्याच्या मानेखाली, खांद्यांवर टेकवतात. तो जरासा पुढे झुकतो, एक हात मागे नेऊन कान पकडतो आणि तुरुतुरु चालू लागतो. गोणी ५० किलोची. एवढ्या सगळ्या खटाटोपात त्याने जमिनीवरून मात्र काहीच उचललेलं नसतं.

त्याच दिवशी एखाद्या किराणा दुकानात विशीतला पोरगा ३० किलोचं तांदळाचं पोतं जमिनीवरून उचलायला वाकतो आणि तिथेच कंबर धरून बसतो. उसण भरली! वजन कमी, वय कमी, तरी पाठ गेली. असं का होतं?

पहार लावून धोंडा उलथवताना टेकू धोंड्याजवळ ठेवतात. आपल्या बाजूचा दांडा लांब, म्हणून थोड्या जोरात काम होतं. कंबरेत हीच पहार उलटी बसवलेली आहे. टेकू म्हणजे माकडहाडाच्या थोडं वर असलेली मणक्यांमधली चकती. पाठीचे स्नायू तिच्यामागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर ओढ देतात, आणि पुढे धरलेलं ओझं असतं ५० सेंटिमीटरवर. म्हणजे लांब दांडा ओझ्याच्या हातात आणि आखूड आपल्या. ३० किलोचं पोतं तोलायला स्नायूंना दहापट, ३०० किलोइतकी ओढ द्यावी लागते. त्यात आपलं स्वतःचं धडही पुढे लोंबत असतं. ६० किलोच्या माणसाचं डोकं, हात आणि धड मिळून ३६ किलोच्या आसपास भरतं. कंबरेत पूर्ण वाकलं की त्याचा भार साधारण २५ सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे आणखी १८० किलो. पडलेलं पेन उचलतानाही हे १८० द्यावेच लागतात. पेन उचलताना उसण भरली म्हणणाऱ्याला हसू नये ते यासाठी.

ही सगळी ओढ शेवटी चकतीवर दाब म्हणून येते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने, म्हणजे नायॉशने, या दाबाची मर्यादा अंदाजे ३५० किलो धरली आहे. ३०० आणि १८०, शिवाय पोत्याचं आणि धडाचं स्वतःचं वजन धरलं, तर आपला दुकानातला पोरगा ५०० च्या पुढे गेला होता. तेच पोतं पोटाशी घेतलं असतं तर २५ सेंटिमीटरवर त्याच्या वाट्याची ओढ ३०० वरून १५० वर आली असती. माथाडीच्या पाठीवरच्या गोणीचा भार कण्याच्या अगदी जवळून खाली उतरतो, त्यामुळे दांडाच उरत नाही. हे फुकट मिळतं असं नाही. वर्षानुवर्षं डोक्या-मानेवर ओझं वाहणाऱ्यांचे मानेचे मणके झिजतात, गुडघेही बोलू लागतात. पण कंबर वाचवायची ही रीत कुणा इंजिनिअरने शिकवलेली नाही.

नायॉशचं १९९१ मध्ये सुधारलेलं एक सूत्र आहे. सगळं मनासारखं असेल, म्हणजे ओझं शरीरापासून २५ सेंटिमीटरवर, हात जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर, पकड चांगली आणि वळायचं नाही, तर एका माणसाने जास्तीत जास्त २३ किलो उचलावे. मग वजाबाकी सुरू होते. ओझं ५० सेंटिमीटरवर गेलं की २३ चे साडेअकरा. तेही जमिनीवरून उचलायचं असेल तर ९ च्या खाली. उचलता उचलता बाजूला ४५ अंश वळलात की साडेसात. पुन्हा पुन्हा उचलायचं असेल तर त्याहून कमी. आपल्याकडचं सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं, हे इथे आठवून पाहा.

आता वेळेची गोष्ट. मला स्वतःला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो कुणी सांगत नाही. रात्री आडवं झाल्यावर चकत्यांवरचा दाब उतरतो आणि त्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो, ते याचमुळे. पण फुगलेली चकती ताठ असते. वाकल्यावर तिच्यावर आणि तिच्याभोवतीच्या अस्थिबंधांवर दुपारपेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. उठून हिंडू-फिरू लागलं की तासाभरात बरंचसं जास्तीचं पाणी पिळून निघतं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात जुनाट पाठदुखी असलेल्यांना एवढंच सांगितलं होतं की सकाळी उठल्या उठल्या कंबरेत वाकू नका. त्यांचं दुखणं कमी झालं. बाजाराचं काम नेमकं पहाटे सुरू होतं. रात्रभर केबिनमध्ये पोक काढून बसलेला क्लीनर उडी मारून उतरतो आणि लगेच गोणीला हात घालतो, त्याचीही तीच गत: बराच वेळ वाकून बसलं की पाठीचे बंध सैलावतात आणि स्नायू वेळेवर आवळत नाहीत. दहा मिनिटं चालून, चहा उभ्याने पिऊन मग गोणीला हात लावला तर बिघडत नाही.

‘गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा’ अशी पोस्टर गोदामांत लावलेली असतात. सल्ला चुकीचा नाही. पण अशा प्रशिक्षणाने पाठदुखी टळते का, हे तपासणारे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा फरक जवळपास दिसला नाही. कंबरपट्ट्यांचंही तेच, २००० साली हजारो दुकान-कामगारांवरच्या मोठ्या अभ्यासात पट्टा बांधणाऱ्यांचं आणि न बांधणाऱ्यांचं दुखणं सारखंच निघालं. घाई असली की माणूस पोस्टर विसरतो. गोणीचं वजन मात्र विसरता येत नाही, म्हणून बदल तिथेच करावा लागतो.

आपल्याकडे तो थोडा झालाय. पूर्वी साखरेचं पोतं म्हणजे सरळ १०० किलो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये शिफारस केली की एका पुरुषाने वाहायचं ओझं ५५ किलोच्या वर असेल तर ते लवकरात लवकर खाली आणावं. दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली कामगारांची संघटना होती. ५० किलोच्या वरची गोणी उचलणार नाही, यावरून बाजारात आजही खटके उडतात. व्यापाऱ्याला पाच-सात किलो जास्तीचे म्हणजे किरकोळ वाटतात. दहाने गुणल्यावर ते किरकोळ राहत नाहीत.

आमच्या गल्लीतल्या दुकानदाराने तर कुठलंच सूत्र न वाचता प्रश्न सोडवलाय. काट्याशेजारी दुधाचे दोन रिकामे क्रेट उलटे टाकून त्यावर फळी ठेवली आणि टेम्पोवाल्याला बजावलं, पोती जमिनीवर टाकायची नाहीत, फळीवर ठेवायची. आता पोऱ्याचा हात गुडघ्याच्या खाली जात नाही. हे कशासाठी केलं विचारलं, तर म्हणाला, ‘‘खाली ठेवली की उंदीर लागतात हो.’’