सिडनीचे बुशवॉकर्स: शनिवार दुपारच्या गाडीतून राष्ट्रीय उद्यानापर्यंत

बुशवॉकिंग म्हणजे रानवाटांची पायपीट. सिडनीतल्या एखाद्या बुशवॉकिंग क्लबचा कार्यक्रम हातात घेतला, की आधी दिसते ती वाटांची यादी. अंतर किती, चढ किती, वाट सोपी की मध्यम की अवघड, लीडर कोण, किती वाजता कुठल्या स्टेशनवर भेटायचं. त्याच यादीत मध्येच एक स्लाइड शो असतो, कुठे बुश डान्स म्हणजे तिकडचा लोकनाच, कुठे नाताळची जेवणावळ. नव्या माणसाला लगेच सभासदत्व मिळतं असं नाही. अनेक जुन्या क्लबांत तो आधी उमेदवार असतो. त्याने दिवसभराच्या काही वाटा आणि रात्रीच्या मुक्कामाची एखादी वाट निभावून दाखवायची, नकाशा आणि होकायंत्र वापरता येतं हे दाखवायचं, मग समिती त्याचं नाव पक्कं करते. वाटेवर लीडरचा शब्द अखेरचा. मागे राहिलेल्यासाठी सगळे थांबतात.

आपल्याकडच्या गिर्यारोहण संस्थांत वावरलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. पण सिडनीत या पद्धतींना जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. डोंगरात सोबत फिरणाऱ्या, शेकोटीभोवती बसणाऱ्या आणि पुढे एकमेकांशी लग्नंही केलेल्या काही माणसांच्या घट्ट मैत्रीतून न्यू साउथ वेल्समधली कित्येक रानं वाचली. क्लबचं सामाजिक जीवन हा जोडधंदा होता असं म्हणणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक नसावा.

सिडनीच्या पश्चिमेला ब्लू माउंटन्स. वालुकाश्माचे उभे कडे, खाली खोल दऱ्या आणि त्यांत निलगिरीची घनदाट झाडी. गुंडुंगुरा आणि धरुग लोक हजारो वर्षं या दऱ्याखोऱ्यांत राहत, येत-जात होते. गोऱ्या वसाहतीने १८१३ साली डोंगर ‘ओलांडला’ असं पाठ्यपुस्तकं सांगतात, पण पायवाटा त्याच्या फार आधीच्या होत्या. १८६८ मध्ये रेल्वे डोंगरावर पोचली, कटूम्बा आणि ब्लॅकहीथ ही हवा खाण्याची ठिकाणं झाली. १८७९ मध्ये सिडनीच्या दक्षिणेला राष्ट्रीय उद्यान घोषित झालं, तेच आजचं रॉयल नॅशनल पार्क. १८८४ साली कटूम्ब्याहून जेनोलन गुहांकडे जाणारी घोडवाट आखली गेली. ‘सिक्स फूट ट्रॅक’ या नावाने ती अजून चालती आहे.

मेलबर्नमध्ये १८९४ साली चालणाऱ्यांचा क्लब निघाला आणि पुढच्याच वर्षी सिडनीत वॉरागाम्बा वॉकिंग क्लब. तो काढणारे विल्यम हॅम्लेट हे सरकारी रसायन-विश्लेषक. त्या काळात चालायचं ते मुख्यतः रस्त्याने, आणि रात्री खानावळीत किंवा हॉटेलात टेकायचं. रानात पाठीवर बिऱ्हाड घेऊन शिरणं हे गुराख्यांचं, खाणकामगारांचं आणि कामाच्या शोधात हिंडणाऱ्यांचं जिणं समजलं जाई.

ते चित्र पालटलं माइल्स डन्फी या तरुण वास्तुरचनाकाराने. १९१४ मध्ये त्याने दोन मित्रांना घेऊन माउंटन ट्रेल्स क्लब काढला. या मंडळींनी काउमंग आणि कानांग्रा भागात आठवडे-आठवडे पायपीट केली, आणि डन्फीने तिथले हाताने काढलेले नकाशे तयार केले. ते इतके तपशीलवार होते की पुढची कित्येक वर्षं चालणाऱ्यांची भिस्त सरकारी नकाशांपेक्षा त्यांच्यावरच जास्त होती. डोंगरधारांना आणि खिंडींना त्याने नावंही दिली. त्यातल्या पुष्कळ जागांना गुंडुंगुरा नावं आधीपासून असणार, आणि ‘अस्पर्श रान’ या त्याच्या कल्पनेत त्या लोकांना जागा नव्हती. डन्फीबद्दल आदर बाळगूनही हे नोंदवावंच लागतं.

त्याच्या हट्टाची साक्ष देणारी एक वस्तू कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे: एक बाबागाडी. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डन्फी पती-पत्नी आपल्या छोट्या मायलोला घेऊन कानांग्राच्या वाटेला निघाले. मुलाला बसवायला नेहमीचीच बाबागाडी, पण खडकाळ वाटेवर टिकावी म्हणून मजबूत करून घेतलेली. घरात तिचं नाव पडलं ‘कानांग्रा एक्स्प्रेस’. हा मायलो पुढे मोठा होऊन ऑस्ट्रेलियातल्या रानवाचवू चळवळीतला एक खंदा कार्यकर्ता झाला.

माउंटन ट्रेल्स क्लब मात्र फक्त पुरुषांचा, तोही निवडक. बाहेरच्यांना दार बंद. १९२७ मध्ये जॅक डेबर्ट यांनी या क्लबला पत्र लिहून सुचवलं, की ज्यांना डोंगर हिंडायचे आहेत अशा सर्वांसाठी एक मोकळा क्लब निघावा. त्या ऑक्टोबरमध्ये बैठक झाली आणि त्यातून सिडनी बुश वॉकर्स उभा राहिला. यात स्त्रियांना पहिल्या दिवसापासून पुरुषांच्या बरोबरीने सभासदत्व होतं. माझ्या मते या सगळ्या कहाणीतलं खरं वळण हेच. त्या काळी आखूड चड्डी घालून, पाठीवर सॅक टाकून गाडीत चढणाऱ्या मुलीकडे लोक वळून बघत आणि नाकं मुरडत. अविवाहित मुलामुलींनी एकत्र रानात मुक्काम करायचा म्हणजे घरच्यांना धास्तीच. ती धास्ती दूर करायला लीडरची जबाबदारी, छापील कार्यक्रम आणि उमेदवारीची पद्धत या गोष्टी फार कामाला आल्या. क्लबचं नाव होतं, शिस्त होती, त्यामुळे आईवडील पाठवायला तयार होत.

वेळेचं गणितही वेगळं होतं. शनिवारी अर्धा दिवस काम असे. पाच दिवसांचा, चाळीस तासांचा आठवडा ऑस्ट्रेलियात १९४८ साली लागू झाला. तोवर शनिवारी कचेरीतून किंवा दुकानातून सुटायचं, सॅक उचलून सेंट्रल स्टेशन गाठायचं आणि दुपारची डोंगरगाडी पकडायची. अंधार पडायच्या आत निदान पहिला उतार संपवायचा. रविवारी रात्रीच्या परतीच्या गाडीत, पाय अवघडलेले असताना, पुढची वाट ठरायची. १९३१ पासून क्लबचं स्वतःचं मासिकही निघू लागलं. त्यात वाटांची वर्णनं, भांडणं, विनोद आणि लग्नाच्या बातम्या शेजारी शेजारी असत.

तेवढ्यात महामंदी आली. १९३२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कामगारांपैकी जवळपास तीस टक्के बेकार होते. पॅडी पॅलिन हा इंग्लंडहून आलेला माणूस याच क्लबचा सभासद. १९३० साली त्याची नोकरी गेली. रानात वापरायच्या सॅक आणि तंबू फार जड असतात ही सगळ्यांची तक्रार त्याने ऐकलेली होती, स्वतः अनुभवलेलीही होती. त्याने घरीच शिलाई सुरू केली आणि हलकं सामान बनवून विकू लागला. पहिली गिऱ्हाइकं क्लबातलेच मित्र. पुढे त्याच्या नावाचं दुकान देशभर पोचलं. मंदीने आणखी एक गोष्ट केली: चालणं ही स्वस्तातली करमणूक असल्याने सामान्य माणूस रानाकडे वळला. १९३२ मध्ये रेल्वेने ‘मिस्टरी हाइक’च्या गाड्या सोडल्या, कुठे नेणार ते न सांगता. हजारो लोक त्यात बसले. जुन्या बुशवॉकर्सना ही गर्दी रुचली नाही. मला मात्र त्या हजारोंचं कौतुक वाटतं.

आता ब्लू गम. ग्रोस नदीला गोवेट्स क्रीक जिथे मिळतो तिथे दरीच्या तळाशी उंच, सरळ, निळसर खोडांच्या निलगिरीचं एक बन आहे. १९३१ च्या ईस्टरला माउंटन ट्रेल्स आणि सिडनी बुश वॉकर्सची काही मंडळी अ‍ॅलन रिग्बीच्या पुढाकाराने तिथे मुक्कामाला होती. घोड्यावरून दोघे आले. त्यांच्यातल्या क्लॅरी हंगरफर्डकडे त्या चाळीस एकरांचा भाडेपट्टा होता. झाडं तोडून तिथे अक्रोडाची बाग लावायचा त्याचा बेत होता, आणि ही गोष्ट त्याने सरळ सांगून टाकली.

मंडळी परत आली ती अस्वस्थ होऊन. सरकारकडे जाऊन उपयोग होईना, कारण पट्टा कायदेशीर होता. मग दोन्ही क्लबांनी मिळून समिती नेमली आणि हंगरफर्डशीच बोलणी लावली. १५ नोव्हेंबर १९३१ ला, रविवारी, ब्लू गमच्या त्याच बनात, धो धो पावसात बैठक भरली. भिजलेली, थंडीने कुडकुडणारी माणसं झाडांखाली उभी राहून घासाघीस करत होती. दीडशे पौंडांवरून सौदा १३० पौंडांवर ठरला. तेवढी रक्कम दिली की हंगरफर्ड पट्टा सोडणार. बहुतेक सभासदांकडे ऐपत अशी नव्हती. बरेच जण बेकार होते. एका सभासदाने ८० पौंड बिनव्याजी दिले, बाकीचे वर्गणीतून जमले. सप्टेंबर १९३२ मध्ये सरकारने ती जागा राखीव म्हणून जाहीर केली. पुढे उसने पैसे फेडण्यासाठी क्लबातले लोक नाणं-नाणं गोळा करत होते.

हा सौदा जमला तो दोन क्लबांतली माणसं एकमेकांना ओळखत होती म्हणून. कोण शब्दाला पक्का, कुणाकडे थोडी शिल्लक आहे, कुणाला सरकारी कागद लिहिता येतात, हे त्यांना शेकोटीभोवतीच्या गप्पांतून माहीत झालेलं होतं.

त्याच १९३२ मध्ये क्लबांचा महासंघ स्थापन झाला. डन्फीने ब्लू माउंटन्ससाठी एका विशाल राष्ट्रीय उद्यानाचा आराखडा मांडला, आणि १९३४ च्या ऑगस्टमध्ये तो नकाशासह ‘कटूम्बा डेली’ वृत्तपत्राची पुरवणी म्हणून छापला गेला. ते उद्यान प्रत्यक्षात यायला १९५९ उजाडलं, आणि तेही त्याने मागितलेल्यापेक्षा फार लहान. १९३६ साली महासंघाने शोध आणि बचावाचं पथक उभं केलं. रानात कुणी हरवलं, तर पोलिसांपेक्षा त्या दऱ्या क्लबातल्या माणसांनाच अधिक ठाऊक, हे साधं कारण. रात्री-अपरात्री फोन यायचा आणि मंडळी कामाला दांडी मारून निघायची. ते स्वयंसेवी पथक आजही पोलिसांसोबत काम करतं.

मेरी बाइल्स यांच्याबद्दल थोडं जास्त लिहावंसं वाटतं. न्यू साउथ वेल्समध्ये वकिली करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. सिडनी बुश वॉकर्सच्या सभासद, गिर्यारोहक, आणि सिडनीच्या उत्तरेचा बूडी हा किनारी भाग १९३५ मध्ये राखीव करून घेण्यामागे मुख्यतः त्याच. कायद्याचा कागद आणि हातातलं फावडं दोन्ही त्यांना सारखंच चालत असे. पुढे पायाच्या दुखण्याने मोठ्या मोहिमा थांबल्या आणि त्या बुद्धविचाराकडे आणि गांधींकडे वळल्या. १९५० च्या दशकात त्या भारतात येऊन राहिल्या, दोघांवरही पुस्तकं लिहिली. सिडनीच्या चेल्टनहॅम उपनगरात, रानाला लागून असलेल्या त्यांच्या घराचं नाव आहे ‘अहिंसा’. ते घर त्यांनी नॅशनल ट्रस्टला दिलं.

दुसरी बाई डॉट बटलर. ती अनवाणी चालायची आणि अनवाणीच कडे चढायची. १९३६ मध्ये वॉरम्बंगल डोंगरातल्या क्रेटर ब्लफ या कड्यावर ती डॉ. एरिक डार्क यांच्यासोबत अशीच चढून गेली. क्लबमधल्या झपाझप चालणाऱ्यांना ‘टायगर्स’ म्हणत. एका दिवसात इतरांच्या दोन-तीन दिवसांचं अंतर काटणाऱ्या या टोळक्यात तीही होती. नवरा मिळाला तोही क्लबातलाच. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिने पैसे जमवण्याची मोहीम चालवून कांगारू व्हॅलीत क्लबसाठी नदीकाठची जमीन मिळवली, ‘कूलाना’. क्लबचं वार्षिक संमेलन तिथे भरू लागलं: मोठी शेकोटी, गाणी, नाट्यछटा आणि निखाऱ्यांत भाजलेली जाड डॅम्पर भाकरी.

मधल्या काळात दुसरं महायुद्ध होऊन गेलं. क्लबांतली बरीच मुलं आघाडीवर गेली आणि मागे राहिलेल्यांनी त्यांना पत्रं, मासिकं, डबे पाठवले. सगळे परतले नाहीत. वाइल्ड डॉग डोंगरात स्प्लेंडर रॉक नावाचा कडा आहे. १९४८ मध्ये तिथे त्यांच्या स्मरणार्थ फलक बसवला गेला, आणि अ‍ॅन्झॅक दिनाच्या, म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनाच्या, पहाटे अजून लोक अंधारात चालत तिथवर जातात. याच डोंगराळ भागातल्या बरागोरँग दरीत पूर्वी वस्त्या होत्या, शेतघरं होती, चालणाऱ्यांना तिथे दूध-अंडी मिळत. १९६० मध्ये वॉरागाम्बा धरण पूर्ण झालं आणि ती दरी पाण्याखाली गेली. गुंडुंगुरा लोकांच्या किती तरी जागा त्याबरोबर बुडाल्या. क्लबांच्या इतिहासात जिंकलेल्या लढाया ठळक लिहिल्या जातात. ही हरलेली बाजूही तितकीच मोठी आहे.

पुढच्या दशकांत स्वतःच्या मोटारी आल्या, डोंगरगाडीतून एकत्र परत येण्याची सवय मोडली. मायलो डन्फी आणि त्याच्या पिढीने कोलाँग गुहांसाठी आणि बॉइड पठारासाठी लढे दिले, आणि २००० साली ब्लू माउंटन्सचा सुमारे दहा लाख हेक्टरांचा टापू जागतिक वारसा यादीत गेला. माउंटन ट्रेल्सच्या तीन मित्रांपासून इथवरचा हा धागा सलग आहे. २००१ मध्ये एचआयएच ही मोठी विमा कंपनी बुडाल्यावर स्वयंसेवी संस्थांचे विम्याचे हप्ते भडकले. तेव्हापासून वाटेवर निघण्याआधी धोक्याची जाणीव असल्याच्या कागदावर सही करणं नेहमीचं झालं. सरपणाची शेकोटीही बऱ्याच भागांत बंद झाली. आता छोट्या गॅसच्या शेगडीभोवती बसून, आणलेला खाऊ वाटत संध्याकाळ घालवतात. वाईट वाटलं तरी त्या कोरड्या रानात हे योग्यच आहे. २०१९-२० च्या उन्हाळ्यात एकट्या गॉस्पर्स माउंटनच्या वणव्याने पाच लाखांहून अधिक हेक्टर रान जाळलं.

क्लबांपुढची आजची अडचण वेगळी आहे. तरुण मुलं मोबाइलवर वाट बघून चार मित्रांसोबत निघतात. महिन्याच्या सभेला मात्र पांढऱ्या केसांची माणसं जास्त दिसतात. मोबाइलमुळे वाट सापडते हे खरं. पण दहा वर्षं एकाच लीडरमागे चालल्यावर माणसांची जी पारख होते, ती त्यातून मिळत नाही, आणि पट्टा विकत घ्यायची वेळ आली तर तीच लागते.

ब्लू गमच्या बनात परदेशी तण माजतं. ते काढायला स्वयंसेवकांचा एक गट तिथे जातो. पेरीज लुकडाउनवरून सुमारे सहाशे मीटर खाली उतरायचं, अवजारं आणि मुक्कामाचं सामान पाठीवर, आणि काम झालं की तेवढंच वर चढायचं.