एकट्याचा वाद्यवृंद आणि त्याचं घड्याळ

१९७८ साली आलेल्या ‘फॉर यू’ या अल्बमची श्रेयनामावली वाचायला घेतली की एकच नाव पुन्हा पुन्हा समोर येतं. गाणी अमेरिकन संगीतकार प्रिन्सची, आवाज प्रिन्सचा, २७ वाद्यांची यादी आणि ती सगळी वाजवणाराही प्रिन्सच. निर्माता म्हणूनही त्याचंच नाव. तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

असा कलाकार दिसला की आपण त्याला ‘अष्टपैलू’ म्हणून मोकळे होतो. शब्द चुकीचा नाही, पण तो फारसं काही सांगत नाही. चार-पाच वाद्यांवर हुकमत असलेली माणसं प्रत्येक पिढीत होती. गीतकार, संगीतकार, वादक, गायक आणि ध्वनिमुद्रक यांची कामं एकाच माणसाकडे यायला मात्र बरंच काही घडावं लागलं, आणि मला वाटतं त्यातलं बहुतेक वेळेशी निगडित आहे. स्वतःच्याच वाजवण्याला साथ करायची तर ताल क्षणभरही मागेपुढे होता कामा नये. स्टुडिओत शिरलं की तासाचं भाडं सुरू. आणि रेकॉर्ड कंपनीशी करार केला की पुढचा अल्बम कधी द्यायचा हे कागदावर ठरलेलं. स्वतंत्र कलाकाराची वाट ही तीन घड्याळं एकेक करून आपल्या ताब्यात घेत पुढे सरकली आहे.

ध्वनिमुद्रणाची मदत न घेता वाजवणाऱ्या एकट्याच्या वाद्यवृंदाला शरीराचीच मर्यादा होती. दोन हात, दोन पाय, एक तोंड. अमेरिकेतला जेसी फुलर गळ्यात माउथऑर्गन अडकवून गिटार वाजवायचा आणि पायानं वाजणारं खर्जाचं वाद्य त्यानं स्वतःच बनवून घेतलं होतं. ‘फोटडेला’ हे त्याचं नाव. ऐकायला विलक्षण, पण त्यापुढे जायला अवयवच शिल्लक नव्हते.

एप्रिल १९४१ मध्ये जॅझवादक सिडनी बेशे यानं ही मर्यादा ओलांडली. क्लॅरिनेट, दोन प्रकारचे सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम्स अशी सहा वाद्यं त्यानं एकामागून एक वाजवली आणि ती एकाच रेकॉर्डवर एकत्र आली. टेप तेव्हा स्टुडिओत आलेली नव्हती, सगळं तबकडीवर. पहिलं वाद्य एका तबकडीवर कोरायचं, ती वाजवत तिच्यासोबत दुसरं वाद्य वाजवायचं आणि दोन्हींचा मिलाफ नव्या तबकडीवर कोरायचा.

हीच पद्धत लेस पॉल या गिटारवादकानं घरच्या गॅरेजमध्ये पराकोटीला नेली. तबकडी कोरायचं यंत्रही त्यानं स्वतः जुळवलं होतं, आणि त्यात कॅडिलॅक मोटारीचं फ्लायव्हील वापरलं होतं. १९४८ साली आलेल्या ‘लव्हर’ या रेकॉर्डवर गिटारचे आठ थर आहेत आणि आठही त्याचेच. इथे थोडं थांबून त्याच्या कामाकडे जवळून बघायला हवं. प्रत्येक नव्या तबकडीवर आधीच्या सगळ्या थरांची नक्कल होत असे, आणि प्रत्येक नकलेबरोबर खरखर वाढत जाई, वरचे स्वर मंद होत जात. म्हणून जे भाग मागे राहिले तरी चालतील ते तो आधी वाजवायचा आणि मुख्य धून सर्वांत शेवटी. म्हणजे गाण्याचा गाभा वाजवायच्या आधीच त्याला संपूर्ण गाणं डोक्यात वाजवून ठेवावं लागे. सातव्या थराला बोट घसरलं तर तो थर पुन्हा. पाचव्यातली चूक सातव्याला लक्षात आली तर मागे जाऊन तिथून पुढचं सगळं पुन्हा. आज संगणकावर ‘अन्डू’ दाबणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी या माणसाची आठवण काढावी.

पुढे गायक बिंग क्रॉसबीकडून त्याला अँपेक्स कंपनीचं टेपयंत्र मिळालं. त्याला जादा हेड, म्हणजे टेपवर आवाज उतरवणारा किंवा टेपवरून वाचणारा भाग, जोडून तो टेपवरच थर चढवू लागला, पण त्यात जुना थर पुसला जाऊन नव्यात मिसळत असे. एक चूक झाली की आधीचं सगळं गेलं. याच जोखमीत त्याची गायिका पत्नी मेरी फोर्डच्या आवाजासह ‘हाउ हाय द मून’ तयार झालं आणि १९५१ मध्ये ते अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

खरा अडथळा यंत्राच्या रचनेतच होता. टेपयंत्रात मुद्रण करणारं हेड आणि ऐकवणारं हेड एकमेकांपासून थोडं दूर असतं. आधीचा ट्रॅक, म्हणजे टेपवरची एका आवाजाची पट्टी, ऐकत नवा वाजवला तर टेपवर तो त्या अंतराइतका मागे पडतो. वादक समेवर आला तरी टेपवर सम हुकलेली. यावर अँपेक्समधल्या रॉस स्नायडर यांना सुचलेला उपाय साधा होता: जुना ट्रॅकही मुद्रण करणाऱ्या हेडवरूनच ऐकवायचा. ही सोय असलेलं आठ ट्रॅकचं पहिलं यंत्र १९५७ मध्ये लेस पॉलकडेच पोचलं. किंमत सुमारे १०,००० डॉलर. प्रत्येक वाद्य आपापल्या ट्रॅकवर, एक बिघडलं तर तेवढंच पुन्हा. एकट्या माणसाला स्वतःशी जुगलबंदी करता यावी यासाठी लागणारं पहिलं घड्याळ त्या दिवशी जुळलं असं मी मानतो.

दुसरं घड्याळ स्टुडिओचं. एका माणसानं सहा वाद्यं वाजवायची म्हणजे सहापट वेळ आणि तासागणिक पैसे. पॉल मॅकार्टनीनं याला बगल दिली ती लंडनमधल्या आपल्या घरी चार ट्रॅकचं स्टुडर यंत्र आणून. मिक्सिंगचा टेबल नाही, आवाजाची पातळी दाखवणारा काटाही नाही. मायक्रोफोन थेट यंत्राच्या पाठीमागे खोचायचा आणि कानानं अंदाज घ्यायचा. एप्रिल १९७० मध्ये आलेला ‘मॅकार्टनी’ हा अल्बम बराचसा असा तयार झाला. नंतर दोन वर्षांत टॉड रुंडग्रेननं चार बाजूंच्या ‘समथिंग/एनिथिंग?’ अल्बमच्या तीन बाजू एकट्यानं वाजवल्या. स्टीव्ही वंडर १९७१ मध्ये २१ वर्षांचा झाला, जुना करार संपला, आणि नव्या करारात आपल्या संगीतावरचा ताबा त्यानं मिळवला. त्यातून आलेल्या ‘म्युझिक ऑफ माय माइंड’ या १९७२ च्या अल्बममध्ये एका गाण्यातला ट्रॉम्बोन आणि एका गाण्यातली गिटार सोडली तर जवळजवळ सगळं त्यानंच वाजवलं आहे.

ही यशाची नावं. मला यात सर्वांत जास्त सांगावीशी वाटते ती एमिट ऱ्होड्सची हकिकत, कारण तिसरं घड्याळ काय करतं ते तिच्यात लख्ख दिसतं.

कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नमध्ये आईवडिलांच्या गॅरेजात या तरुणानं यंत्रं मांडली. ड्रम्स, बास, पियानो, गिटार, गायन, सगळं स्वतः केलं. १९७० साली आलेला त्याच्याच नावाचा अल्बम अमेरिकेतल्या लोकप्रियतेच्या यादीत २९ व्या क्रमांकापर्यंत गेला. गाणी इतकी घोटीव की गॅरेज कुठे ऐकूच येत नाही. पण करारानं त्याच्याकडून तीन वर्षांत सहा अल्बम मागितले होते. चार वादकांचा गट असेल आणि बाहेर निर्माता, ध्वनिमुद्रक अशी माणसं असतील तर सहा महिन्यांत एक अल्बम कसाबसा होतो. इथे ड्रम्सचा मायक्रोफोन लावणारा, पळत जाऊन यंत्र सुरू करणारा, परत येऊन काठ्या हातात घेणारा आणि नंतर तासन्‌तास ऐकून निवड करणारा एकच माणूस. सहा महिन्यांत ते होणं शक्य नव्हतं. उशीर झाला म्हणून कंपनीनं त्याच्यावर अडीच लाख डॉलरचा दावा लावला आणि त्याची रॉयल्टी अडवली. १९७३ मध्ये तिसरा अल्बम आला आणि तो थांबला. पुढे त्यानं दुसऱ्यांची गाणी मुद्रित करण्याचं काम केलं. प्रतिभा कमी पडली नाही, यंत्र कमी पडलं नाही. गटासाठी आखलेला करार एकट्या माणसावर चढवला गेला होता.

प्रिन्सचं भांडणही वेळेचंच होतं, फक्त उलट दिशेनं. कंपनीला अनुभवी निर्माता हवा होता, पण स्टुडिओत एकट्यानं गाणं उभं करून दाखवून त्यानं ती सूत्रं आपल्याकडे घेतली. नंतर कंपनी म्हणायची, जरा दमानं, इतकी गाणी बाजारात सोडू नकोस. १९९३ मध्ये त्यानं नावाच्या जागी एक चिन्ह घेतलं. मूळ मुद्रणांची, म्हणजे मास्टरची, मालकी हा त्या संघर्षाचा गाभा होता, आणि ती परत मिळायला २०१४ साल उजाडलं.

दरम्यान स्टुडिओचं तासाचं भाडं एका डब्यात बंद झालं होतं. १९७९ मध्ये आलेल्या टीॲक कंपनीच्या पोर्टास्टुडिओ या घरगुती ध्वनिमुद्रण यंत्रात साधी कॅसेट दुप्पट वेगानं फिरे आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकाच दिशेनं वापरून चार ट्रॅक मिळत. तीन ट्रॅक भरले की चौथ्यावर त्यांचा मिलाफ उतरवायचा आणि तिन्ही पुन्हा रिकामे करायचे. ब्रूस स्प्रिंगस्टीननं १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या घरी याच यंत्रावर केलेला कच्चा खर्डा पुढे ‘नेब्रास्का’ म्हणून तसाच निघाला. बँडसोबत करून पाहिलेल्यात ती जान येईना. १९८३ मध्ये मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांना एकमेकांशी बोलायला लावणारी सामायिक सांकेतिक भाषा, आली, वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका तालावर चालू लागली, आणि तिथून संगणकापर्यंतचा रस्ता सरळ होता.

यंत्र घरात आलं तरी रेकॉर्ड लोकांपर्यंत नेणारे हात दुसऱ्यांचेच होते. अ‍ॅनी डिफ्रँकोनं १९९० मध्ये स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढून, गाडीतून कॅसेट विकत ती साखळी तोडली. १९९८ मध्ये डेरेक सिव्हर्स या संगीतकारानं स्वतःची सीडी विकायला सुरू केलेलं ‘सीडी बेबी’ हे ऑनलाइन दुकान इतरांच्याही कामी आलं. इमोजेन हीपनं लंडनमधला आपला फ्लॅट गहाण टाकून २००५ चा ‘स्पीक फॉर युअरसेल्फ’ एकटीनं लिहिला, मुद्रित केला आणि निर्माती म्हणून पूर्ण केला. २००८ मध्ये कलाकारांना थेट गाणी विकता येणारं बँडकॅम्प आणि ऑनलाइन गाणी ऐकवणारं स्पॉटिफाय ही दोन्ही सुरू झाली.

‘स्वतंत्र’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ इथे सांगून टाकतो. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात: एक रचनेची, म्हणजे शब्द आणि चाल, दुसरी त्या विशिष्ट मुद्रणाची. लेबलशी करार केलेल्या गायकाकडे बहुधा पहिलीचा हिस्सा असतो, दुसरी कंपनीकडे जाते. जो स्वतः लिहितो, वाजवतो आणि स्वतःच्या पैशानं मुद्रित करतो, त्याच्याकडे दोन्ही राहतात. जाहिरातीसाठी किंवा चित्रपटासाठी कुणाला गाणं हवं असेल तर परवानगी एकाच दारात मिळते. कारकिर्दीचा आर्थिक कणा हाच आहे.

मंचावर मात्र हा माणूस पुन्हा दोन हातांचा होतो. त्यावर लूप पेडल हा तोडगा निघाला. पायानं कळ दाबली की आताच वाजवलेला तुकडा फिरत राहतो आणि त्यावर पुढचा चढवता येतो. ऑक्टोबर २००४ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात ऐनवेळी बदली म्हणून आलेल्या केटी टन्स्टॉलनं गिटारवर मारलेली थाप, टाळी आणि स्वतःचा आवाज लोकांसमोर एकावर एक रचले. लेस पॉलला जे करायला दिवसचे दिवस लागत, ते श्रोत्यांच्या डोळ्यांदेखत झालं.

आज तिन्ही घड्याळं कलाकाराच्या हातात आहेत, पण एक चौथं वाजू लागलं आहे. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मोबदला मिळत नाही. सतत काहीतरी नवं सोडत राहण्याचा ताण येतो तो इथून, आणि तो ताण पुन्हा त्याच एका माणसावर. शिवाय ‘हा टेक बरा नाही’ असं सांगणारं शेजारी कुणी नसतं. स्वतःचं गाणं रात्री दोनला चाळिसाव्यांदा ऐकताना कान किती बधिर होतात हे मी अनुभवलं आहे. सकाळी तेच गाणं ऐकल्यावर बास दुप्पट मोठा असल्याचं कळतं.

एमिट ऱ्होड्सचा पुढचा अल्बम ४३ वर्षांनी, २०१६ मध्ये आला. मुद्रण हॉथॉर्नमध्येच, त्याच्या घरच्या स्टुडिओत झालं. त्याच्या गाण्यांवर वाढलेले कितीतरी संगीतकार तिथे आले, वाजवू लागले, आणि निर्माता म्हणून त्याच्यापेक्षा खूप लहान असलेला ख्रिस प्राइस यंत्रापाशी बसला. ऱ्होड्स फक्त गायला आणि गिटार-पियानोवर बसला. चार वर्षांनी तो गेला.