कोपरात शिंकणे (लहान मुलांची सवय)

शिंक किंवा खोकला आला की तळहात तोंडावर न नेता हात वाकवायचा आणि नाक-तोंड दोन्ही कोपराच्या आतल्या बाजूला दाबून झाकायचं, ही लहान मुलांना लावायची एक आरोग्याची सवय. बालवाडी, अंगणवाडी, पाळणाघर, जिथे पोरं एकमेकांना चिकटून बसतात तिथे तिचा उपयोग सगळ्यात जास्त. या वयात वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं नॉर्मलच आहे.

तोंडातून उडणाऱ्या थेंबांमधून जंतू पसरतात हे जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फ्ल्यूगे यांनी १८९० च्या दशकातच दाखवून दिलं होतं, नुसतं बोलतानाही असे थेंब उडतात. तळहातावर शिंकलं की तोच हात लगेच खडूला, खेळण्याला, नळाला आणि शेजारच्याच्या डब्याला लागतो, आणि फ्लूचा विषाणू प्लास्टिक-स्टीलवर एक-दोन दिवससुद्धा टिकू शकतो. कोपराने कोणी काही उचलत नाही, एवढं साधं कारण आहे.

महाराष्ट्रात ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला, शाळा बंद पडल्या, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागले, तेव्हापासून शिंकताना तोंड झाकायचं हे जरा गंभीरपणे घेतलं जाऊ लागलं. मग २०२० मध्ये तर कोणालाही फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज आणि मग सूचना.

आपल्याकडे बालवाडीच्या पोरांच्या छातीवर सेफ्टी पिनने रुमाल लावायची जुनी पद्धत आहे. रुमाल वाईट नाही, पण सकाळी त्यालाच शेंबूड पुसायचा, मधल्या सुट्टीत हात धुऊन त्यालाच हात पुसायचे आणि डबा खायला बसायचं, म्हणजे धुतलेल्या हातांना परत तेच लागलं. नाकाचा रुमाल वेगळा, हाताचा वेगळा आणि दोन्ही रोज धुतलेले, एवढं केलं तरी खूप.

शिकवताना वयाचा विचार हवाच. तीन वर्षांच्या आतलं मूल शिंक येतेय हे ओळखून हात वर नेईल ही अपेक्षाच चुकीची आहे, ते फक्त मोठ्यांचं बघून नक्कल करतं, त्यामुळे बाबा बिनधास्त हवेत शिंकत असतील तर ताईंनी वर्गात काहीही शिकवा. पुढच्या वयात खेळातून पटकन जमतं. बाहुलीला शिंकायला लावायचं, पाण्याची स्प्रे बाटली काळ्या कागदावर एकदा मोकळी आणि एकदा कापड धरून मारून दाखवायची, नाहीतर एकाच्या हाताला चिमूटभर रांगोळीचा रंग लावून सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला सांगायचं, मग कोणाकोणाच्या हाताला रंग गेला ते पोरं स्वतःच ओरडून सांगतात. "शी, घाण!" म्हणून ओरडू नये, आणि कोणी बाहेर निघताना पोर शिंकलं म्हणून डोळे तर अजिबात वटारू नयेत, कारण मग ते नाक चिमटीत धरून शिंक दाबायला लागतं आणि तो दाब कानावर येऊ शकतो.

घरात तान्हं बाळ असेल तर एक गोष्ट हमखास सुटते. बाळाला कडेवर किंवा मांडीवर घेतलं की त्याचं डोकं नेमकं त्याच कोपरात टेकतं, तेव्हा सर्दी असलेल्याने कपडा बदलावा, बाही नसेल तर हात कोपरापर्यंत धुवावा.

हात धुणं याच्या जोडीला लागतंच, साबणाने निदान २० सेकंद. फ्लू आणि कोरोनाच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं ते साबणाने फुटतं. नेहमीच्या सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसला ते आवरण नसतं, तो चोळून पाण्याबरोबर घालवावा लागतो, म्हणून नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नये.

कोपराने सगळं थांबत नाही हेही खरं. बारीक कण हवेत राहतातच, गोवराचा विषाणू तर रोगी खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत असू शकतो, त्याला लसच हवी, आणि वर्गाच्या खिडक्या उघड्या हव्यात. ताप असलेल्या मुलाला सिरप पाजून शाळेत पाठवणाऱ्या आई-बाबांना नावं ठेवणं सोपं आहे, दोघांनाही सुट्टी मिळत नाही हे समजू शकतं, पण निदान शंभर टक्के हजेरीची बक्षिसं तरी बालवर्गातून काढून टाकायला हवीत.