उऱ्होबोत सूर दोन की तीन? वादाची पार्श्वभूमी

उऱ्होबो ही नायजेरियाच्या डेल्टा राज्यातली, एडॉइड गटातली (एडो भाषेच्या नात्यातली) भाषा, इसोको ही तिची अगदी जवळची भाषा. या गटाच्या मूळ भाषेत दहा स्वर असावेत असं मानलं जातं, गटातल्याच देगेमा भाषेने ते अजून जपलेत, उऱ्होबोत मात्र कानाला सातच येतात. काही ए आणि ओ मात्र अजूनही हरवलेल्या स्वरांसारखे वागतात, म्हणून ऐकू सात आले तरी हिशेबात नऊ धरा असं म्हणणारेही आहेत.

पण खरा गुंता सुरांचा, म्हणजे आवाजाच्या उंचीचा, जी बदलली की शब्दाचा अर्थ बदलतो. उंच आणि खालचा असे दोन सूर, इथपर्यंत भांडण नाही. तिसरी पातळी ऐकू येते तिचं काय करायचं? 'मधला सूर' म्हणून टाकणं सोपं आहे, पण तो स्वतंत्र सूर असता तर शब्दाच्या सुरुवातीलाही आला असता, खालच्या सुरानंतरही आला असता, आणि तसं होत नाही, तो येतो फक्त उंच सुराच्या मागोमाग. शिवाय एकदा आला की पुढचे उंच सूर परत वर चढत नाहीत, त्याच पायरीवर राहतात. म्हणून याला डाउनस्टेप म्हणायचं, म्हणजे एक पायरी खाली उतरलेला उंच सूरच, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे, कारण त्यातून कारण कळतं. इथे नामं स्वराने सुरू होतात, आधीचा शब्दही स्वरानेच संपतो, मग बोलण्याच्या ओघात एक स्वर गळतो पण त्याचा सूर गळत नाही. तो खालचा असेल तर तसाच लटकत राहतो आणि पुढच्या उंच सुराला खाली ओढतो. 'मधला' म्हटलं की हे सगळं झाकलं जातं, आणि या भाषेत सुरावर नुसते शब्दार्थ नाही तर व्याकरणही चालतं, वाक्य विधान आहे की प्रश्न हेसुद्धा.

मिशनरी काळापासून रोमन लिपी रुळली, ए आणि ओ प्रत्येकी दोन प्रकारचे आहेत, त्या जोड्या वेगळ्या दाखवायला अक्षराखाली टिंब आलं, सूर मात्र रोजच्या लिखाणात आलेच नाहीत. आपण जग म्हणजे दुनिया आणि पाण्याचा जग एकसारखेच लिहितो आणि संदर्भाने वाचतो, तसंच, फक्त तिथे हे ओळीओळीला करावं लागतं. ब्रिटिश कागदपत्रांत तर भाषेचं नावच 'सोबो' होतं, त्यातला तो घोष नसलेला, म्हणजे स्वरतंतू न थरथरवता काढलेला ऱ्ह पार गायब, लोकांनी मागणी लावून धरली तेव्हा 1938 मध्ये अधिकृत नाव उऱ्होबो झालं.

आता वारी, सापेलेसारख्या शहरांत पोरं बहुतेक पिजिनमध्येच, म्हणजे इंग्रजीवर बेतलेल्या मिश्र बोलीत बोलतात. फोनवर टाइप करताना टिंबंही सुटतात, म्हणजे लिहिताना सात स्वरांचे पाचच उरतात. घरात ऐकून शिकलेल्याला ते तरी वाचता येतं. पुस्तकातून शिकणाऱ्यासाठी निदान शब्दकोशात आणि शाळेच्या पुस्तकांत सुरांच्या खुणा हव्यातच, आणि डाउनस्टेपचीही वेगळी खूण हवी.