द्विस्तरीय पडताळणी

ऑनलाइन खात्यात शिरताना पासवर्डच्या जोडीला वेगळ्या प्रकारचा दुसरा पुरावा मागण्याची पद्धत. टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन या नावाने ती अधिक ओळखीची आहे. पासवर्ड ही माहीत असलेली गोष्ट, तर फोन ही जवळ असलेली वस्तू. पासवर्ड आणि गुप्त प्रश्नाचे उत्तर ही जोडी यात मोडत नाही. दोन्ही माहितीच, एकाच फसवणुकीत दोन्ही जातात.

एसएमएसने येणारा ओटीपी सोयीचा खरा, पण सर्वांत कच्चा. भामट्याने तोच नंबर दुसऱ्या सिमवर चालू करून घेतला, की संदेश त्याच्याकडे जातात. ऑथेंटिकेटर अ‍ॅप त्याहून पुष्कळ बरे. खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये तो पर्याय निवडला की पडद्यावर क्यूआर कोड येतो. स्कॅन करताच त्यातली गुप्त किल्ली अ‍ॅपमध्ये साठते. ती आणि त्या क्षणाची वेळ यांच्या गणितातून साधारणपणे दर ३० सेकंदांनी नवा ६ आकडी कोड निघतो, म्हणून रेंज नसतानाही तो मिळतो. २०११ मध्ये ही रीत आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. अ‍ॅपमधला कोड सतत चुकीचा ठरत असेल, तर आधी फोनचे घड्याळ पाहावे. ते हाताने लावलेले असेल आणि दोन-तीन मिनिटे पुढेमागे असेल, तर कोड जुळत नाही. वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू करावी.

खरी अडचण फोन हरवल्यावर येते. त्यासाठीच बॅकअप कोड, म्हणजे खात्याकडून आधीच घेऊन ठेवायचे राखीव कोड, असतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून फोनपासून लांब ठेवावेत. त्याच फोनमधला स्क्रीनशॉट फोनबरोबरच जातो. फोन बदलताना अ‍ॅपमधली खाती नव्या फोनवर नेऊन, एकदा लॉगिन करून पाहावे आणि मगच जुना फोन रिसेट करावा. सुरुवात ईमेलपासून करावी, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. अ‍ॅप लावल्यावर एसएमएसचा पर्याय मागे चालू राहिला, तर भामट्याला तीच वाट मोकळी राहते. हे बऱ्याचदा नजरेतून सुटते.

हुबेहूब बनावट पानावर टाकलेला कोड मात्र भामटा तत्काळ खऱ्या साइटवर वापरू शकतो. सुरक्षा-किल्ली (फोन किंवा संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) आणि पासकी (फोनमध्ये किंवा संगणकात साठणारी, पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) इथे टिकतात: त्या साइटच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेल्या असतात, दुसऱ्या पत्त्याला प्रतिसादच देत नाहीत. सुरक्षा-किल्ली वापरायची तर दोन नोंदवाव्यात, एक जवळ आणि एक कपाटात.