मणक्याचा एमआरआय आणि मेरुरज्जूचा फंक्शनल एमआरआय

कापसाचे गाठोडे उचलताना पाठीत चमक भरलेला किंवा मोहाच्या झाडावरून पडलेला माणूस यवतमाळ-गडचिरोलीकडच्या गावातून नागपूरला किंवा सेवाग्रामला जातो, एमआरआय काढून परततो आणि ‘मणक्यात गॅप आला, नस दबली’ असे घरच्यांना सांगतो. त्या फिल्मवरून नस काम करते की नाही हेही कळत असेल, अशी अनेकांची समजूत असते. ‘फंक्शनल एमआरआय’ हे नाव कानावर पडले की ती अधिकच पक्की होते, कारण यंत्र तेच आणि चुंबकही तेच. मात्र दोन्ही तपासण्या मोजतात ती गोष्ट वेगळी आहे.

नेहमीचा एमआरआय रचना दाखवतो. शरीरातील पाण्याच्या व चरबीच्या हायड्रोजनपासून मिळणाऱ्या संकेतांतून मणके, त्यांमधील चकत्या, मेरुरज्जू (मणक्यांच्या पोकळीतून मेंदूपासून खाली जाणारा चेतातंतूंचा दोर) आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या नसांची मुळे वेगवेगळी ओळखू येतात. चकती कोठे सरकली, रज्जूवर दाब किंवा सूज आहे का, गाठ किंवा क्षयरोगाचा पू आहे का, हे डॉक्टरांना त्यावरून समजते. शस्त्रक्रियेचा निर्णयही बहुधा याच प्रतिमा आणि प्रत्यक्ष तपासणी यांच्या आधारे होतो.

फंक्शनल एमआरआयमध्ये त्याच भागाच्या प्रतिमा दर काही सेकंदांनी, शेकडोंच्या संख्येने घेतल्या जातात आणि त्या काळात त्या व्यक्तीला बोटे हलवायला सांगतात किंवा हाताला सोसवेल इतकी उष्णता देतात. चेतापेशी कामाला लागल्या की तेथे रक्ताचा पुरवठा गरजेपेक्षा जास्त वाढतो, ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण घटते आणि संकेत किंचित वाढतो. हा परिणाम शिगेला पोहोचायला साधारण पाच-सहा सेकंद लागतात. म्हणजे येथे चेतापेशींचे काम थेट दिसत नाही, तर विजेच्या मीटरवरून विहिरीवरची मोटर चालू असल्याचे ओळखावे, तसे ते रक्तावरून ओळखले जाते. या तत्त्वाचे वर्णन जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी 1990 मध्ये केले. 1992 पासून माणसाच्या मेंदूवर त्याचा वापर सुरू झाला आणि मेरुरज्जूवरचे पहिले प्रयोग 1996 च्या सुमारास प्रसिद्ध झाले.

मेंदूचा अभ्यास वेगाने पुढे गेला आणि मेरुरज्जूचा मागे राहिला, यामागची कारणे मला या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटतात. रज्जूची लांबी सुमारे 45 सेंटिमीटर असली तरी जाडी जेमतेम करंगळीएवढी असते आणि ज्या करड्या भागात चेतापेशी असतात त्याची शिंगे, म्हणजे पुढे-मागे निघालेली टोके, तर काही मिलिमीटरचीच. भोवतालचे मेरुद्रव हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हलते, श्वासागणिक फुप्फुसातील हवा बदलून चुंबकीय क्षेत्र ढळते, आणि हाड व चकती यांच्या सीमेवर ते क्षेत्र मुळातच असमान असते. म्हणून नाडी आणि श्वास यांची नोंद ठेवून त्यांचा परिणाम गणिताने वजा करावा लागतो. एवढे करूनही निष्कर्ष बहुधा अनेक व्यक्तींच्या सरासरीतून निघतात.

तरीही हाती आलेले ज्ञान मोलाचे आहे. डाव्या हाताला वेदना दिली तर मेंदूत मुख्यतः उजवी बाजू जागृत होते, पण मानेतील रज्जूत डावे मागचे शिंग प्रतिसाद देते. 2009 मध्ये संशोधक फाल्क आइपर्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की औषध नसलेले साधे मलम वेदनाशामक आहे असा विश्वास बसलेल्या व्यक्तींमध्ये वेदनेशी निगडित क्रिया मेरुरज्जूतच कमी होते. औषधावरील विश्वासाचा परिणाम इतक्या खालच्या पातळीपर्यंत पोहोचतो, ही बाब मला फार विलक्षण वाटते.

कंबरदुखीच्या रुग्णांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रौढ माणसाचा मेरुरज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि ‘गॅप’ बहुतेकदा चौथ्या-पाचव्या मणक्याजवळ सांगितला जातो, जेथे केवळ नसांची मुळे असतात. तेथे करडा भागच नसल्यामुळे फंक्शनल एमआरआयने त्या जागी पाहण्यासारखे काही उरत नाही. नसेतून संदेश नीट जातो का, हे पाहण्यासाठी स्नायू आणि नसांची विद्युत तपासणी आहे. मेरुरज्जूचा फंक्शनल एमआरआय आजही मुख्यतः संशोधनाचे साधन आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसते ‘मणक्याचा एमआरआय’ लिहिलेले असेल, तर तो रचना दाखवणाराच असतो.